काकाने अडवलेलं दार

कोयंडा उचकटलेला होता! टिटवीच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, थयथयाटच करायला लागली. घरात तिला टिटवी म्हणायचे ते उगाच नाही. जरा कुठे खुट्ट झालं की ती सगळी गल्ली जागी करायची. पण आज भरदुपारी, शाळेतून येऊन काकाच्या स्कूटरवरून घरासमोर उतरताना, तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज गिळला आणि काकाची बाही ओढली.

आत कपाटाचं दार करकरलं.

काका वेल्डर. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या त्याच्याच हातच्या, आणि स्वतःच्या घरात तर त्याने मुंगीला शिरायला फट ठेवली नव्हती. मागच्या दारावरही जाळी ठोकून ते कायमचं बंद करून टाकलं होतं. त्याने स्कूटरला बांधलेली सळई उपसली आणि पुढच्या दारात पाय रोवले.

"सापडला बेटा! आता कसा बाहेर पडतो तेच बघतो."

टिटवीने आधी पोलिसांना फोन लावला, मग आत्याला. आत्या वकील, काकाची थोरली बहीण. कोर्टात ओरडायची त्याहून जास्त काकावर.

"स्पीकरवर टाक," आत्या म्हणाली. "अरे शहाण्या, आधी दारातून बाजूला हो!"

"ताई, घर माझं आहे."

"तुझंच आहे, कोण नाही म्हणतंय? पण त्याला दुसरी वाट ठेवलीयस का? मग तो तुझ्या अंगावरूनच येणार. कोंडलेलं मांजरसुद्धा नरडीला झोंबतं."

"येऊ दे की. जीव वाचवायला हात उचलता येतो, कायदाच आहे तसा."

"जीव वाचवायला, राग काढायला नव्हे! अंगावर आला तर गरजेपुरता मार. पळणाऱ्याचं मागून डोकं फोडलंस, तर चोर राहील बाजूला आणि आरोपी होशील तू."

तेवढ्यात आतून आवाज आला, "दादा, मी जातो हो. वाट द्या."

टिटवीला तो आवाज अजिबात आवडला नाही. इतका गोड? आणि एवढा मोठ्याने? आपल्याला सांगतोय, की आणखी कुणाला?

"काका, चल मागे. तुरुंगात मी डबा घेऊन येणार नाही हां, आत्ताच सांगते!"

काका कुरकुरत स्कूटरच्या आड आला. त्यासरशी एक माणूस बाहेर झेपावला, हातात त्यांच्याच स्वयंपाकघरातली सुरी. त्यांच्याकडे न बघता तो सुसाट रस्त्याकडे निघाला. काकाची सळई वर गेली. टिटवी सगळ्या वजनानिशी त्याच्या कोपराला लोंबकळली.

"पाठ आहे, काका! त्याची पाठ आहे!"

माणूस कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

"हातात आलेला सोडला गं," काका धापा टाकत म्हणाला आणि काय काय गेलं ते बघायला दाराकडे वळला. टिटवी आडवी आली.

"तो एकटाच होता कशावरून?"

"तुला ना, जळी-स्थळी चोरच दिसतात!"

आत एक भांडं घरंगळलं.

काकाने तिला दंडाला धरून पुन्हा स्कूटरच्या आड नेलं, सळई खाली केली आणि आत हाक मारली, "ये बाबा, तूही ये. दारात कुणी नाही."