पोचलीस का?

दुसरी बाई असती तर सोपं होतं. तिच्या दारात जाऊन मी तमाशा केला असता, गल्लीनं तो ऐकला असता आणि माझा नवरा बुनतेक मान खाली घालून घरी आला असता. पण तो रोज पहाटे सुईबीच्या अंगणात जाऊन नुसता डोळे मिटून बसायचा. तिथं आणखी पाच-सहा जण बसायचे आणि कुणी कुणाशी बोलत नसे. आता असल्या गोष्टीवरून भांडायचं तरी कुणाशी?

सुईबी म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली कारकून. विधवा, हडकुळी, सदा एकाच करड्या स्वेटरमध्ये. तिच्या अंगणात कालवांच्या शिंपल्यांचे ढीग, मोडके पाट आणि दोन मांजरं. मूर्ती नाही, उदबत्ती नाही, मंत्र नाही. लोक म्हणायचे, तिच्याकडे बसलं की मन निवतं. देवळाचे अध्यक्ष ल्याव मात्र कुरकुरायचे की वर्गणी मागायला गेलं की ती मंडळी डोळे उघडत नाहीत. त्यांचं आणि माझं एकमत असलेली ही एकच गोष्ट.

इतर कुणी बसलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण बुनतेक गावचा पुरोहित. मयताचे विधी, घराची शांत, देवळाचा महोत्सव, सगळं ताओ धर्माच्या रीतीनं लावायचं ते आमच्याच घरानं, माझ्या पणजोबांच्याही आधीपासून. आमच्या म्हणजे माझ्या. तो घरजावई.

बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच होते. सगळे पाठ मला तोंडपाठ. बाबा पुढच्या खोलीत शिष्यांना शिकवायचे आणि मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता मी त्यांच्या आधी पुढची ओळ म्हणायचे. पण आमच्याकडे बाईनं पुरोहिताचा झगा घालायचा नसतो. म्हणून बाबांनी ढोलवाल्याचा मुलगा आणला, आवाजानं गोड आणि डोक्यानं बेताचा, आणि माझं लग्न लावलं. ग्योकखीमला नवरा मिळाला म्हणून सगळ्यांनी मिठाई खाल्ली. खरं म्हणजे बाबांना मुलगा मिळाला होता आणि त्या मुलाला माझी जागा. त्यानंतर इतकी वर्षं तो पाठ चुकला की पडद्याआडून मी खोकत आले. गावाला वाटतं मला दमा आहे.

एक गोष्ट मात्र मला येत नव्हती. महोत्सवात गावाच्या वतीनं स्वर्गाच्या सम्राटाला अर्ज जातो. पाऊस वेळेवर पडो, बोटी सुखरूप येवोत, रोगराई टळो, असा. तो वर न्यायचा पुरोहितानं. मंचावर तो पालथा पडतो, कपाळ जमिनीला टेकवतो, आणि शरीर इथं ठेवून जीव अर्ज घेऊन वर दरबारात जातो. परत आला की उठतो आणि मग अर्ज जाळतात. त्या पडून राहण्यात आत नेमकं काय करायचं, ते कुठल्याही पोथीत लिहिलेलं नसतं. गुरू ते शिष्याच्या कानात सांगतो. बाबांनी बुनतेकला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. मी दाराबाहेर चहा घेऊन उभी होते. चहा पार गार झाला.

त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल. गोड बोलून, रुसून, त्याच्या आवडीचा कालवांचा पोळा समोर ठेवून. "वर कसं असतं रे? काय करतोस तू तिथं पडून?" तो कूस बदलायचा. मी जळायचे. झग्यावर जळायचे, मुकुटावर जळायचे, आणि सगळ्यात जास्त त्या बंद दारावर.

अशा माणसानं महोत्सव तोंडावर आलेला असताना एका सकाळी रताळ्याची पेज पिता पिता सांगितलं, "या खेपेनंतर झगा थियामला देऊन टाकतो."

"कुठला झगा?"

"बाबांचा. पोथ्या, देवांची चित्रं, घंटा, सगळंच. त्याचा मुलगा शिकतोय. आपला तर कॉम्प्युटर सोडून हलत नाही."

थियाम म्हणजे बाबांच्या चुलतभावाचा मुलगा, पलीकडच्या गावचा. मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या बिलाचा. बाबा असते तर त्यांनी त्याला घंटेला हातसुद्धा लावू दिला नसता.

"आणि तू काय करणार?" मी विचारलं.

"बसणार."

"कुठं? सुईबीच्या मांडीवर?"

"ग्योकखीम, आयुष्यभर घंटा वाजवली. आता जरा गप्प बसून बघू दे."

"गप्प बसायला झगा कशाला उतरवावा लागतो? माझ्यासमोर तर तू झगा घालूनही गप्पच असतोस."

तो हसला आणि वाटी धुवायला गेला. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकून होते. बीळच विकायला काढणारा नागोबा पहिल्यांदा पाहिला. आमच्या पुढच्या खोलीतली ती चित्रं, तो लाल पेटारा, बाबांचा वास असलेला तो झगा, सगळं टेम्पोत भरून थियामच्या दारात उतरणार होतं. मला मिळालं नाही ते नाही, पण निदान माझ्या डोळ्यांसमोर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या मागोमाग सुईबीच्या अंगणात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते.

"या," ती म्हणाली. "त्या पाटाचा पाय मोडका आहे, जपून बसा."

"मी बसायला नाही आले. काय शिकवता हो तुम्ही यांना?"

"काही नाही. मला काही येतच नाही."

"मग ही सगळी येतात कशाला?"

"मलाही कळत नाही. मी आपली आधीपासून बसायचे, ही मागाहून आली. मी चहासुद्धा देत नाही कुणाला."

जिच्याशी भांडायचं तिनं असं अंग काढून घेतलं की काय करणार? मी बसले. डोळे मिटले. मांजर पायाशी घुटमळलं, कुणाचं तरी पोट वाजलं, माझी कंबर दुखायला लागली. मग मी एक डोळा उघडून बुनतेककडे पाहिलं.

कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. ओठ जरासे सुटले होते. बाबांकडे शिकायला आला तेव्हाचा तो कोवळा मुलगा मध्येच दिसून गेला. इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलेल्या माणसाचा हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मंचावर नाही, अंथरुणात नाही, मुलगा झाला तेव्हासुद्धा नाही. तो चेहरा त्यानं या शिंपल्यांच्या ढिगाजवळ आणून ठेवला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसलीस की," घरी येताना तो कौतुकानं म्हणाला.

"कंबर धरली," मी म्हटलं. "तुम्हा लोकांना चणेही मिळतात आणि दातही. मला फक्त बघायला मिळतं."

त्याला काही कळलं नाही. त्याला माझं कधीच काही कळत नाही.

महोत्सव आला. सारं गाव शाकाहारी झालं, मासळीबाजार ओस पडला आणि लोक टोफू खाऊन कंटाळले. अर्जाच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बुनतेक बाबांचा झगा घालून मंचावर चढला. मी पायऱ्यांपाशी पडद्याआड, माझ्या खोकण्याच्या जागी. त्यानं एकही ओळ चुकवली नाही. मला एकदाही खोकावं लागलं नाही. मग मुकुटात ज्योतीच्या आकाराची पट्टी खोचून, अर्ज छातीशी धरून तो पालथा पडला. माझा मामेभाऊ कियात ढोल हलक्या हातानं घुमवू लागला.

एरवी चहा निवेल एवढ्या वेळात तो उठतो. चहा निवला. आणखी एक निवला असता. लोक चुळबुळले. सनईवाल्यानं तोच तुकडा पुन्हा धरला. कियात ढोलावरून माझ्याकडे बघायला लागला.

ल्याव अध्यक्ष घाम पुसत आले. "वहिनी, गुरुजींना काही झालं तर नाही ना? मुहूर्त टळतोय. आणि ऊन किती आहे बघा."

साठीला आलेला नवरा रणरणत्या उन्हात जाड झग्याखाली पडलाय आणि हलत नाही. दुसरी कुठलीही बायको घाबरली असती. मीही घाबरले, पण नंतर. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: पोचला मेला. माझ्या बापाच्या झग्यात, माझ्या जागेवर, पोचला. आणि आता त्याला परत यायचंसुद्धा नाही.

मी पायऱ्या चढले. आमच्या गावात त्या मंचावर बाई कधी चढली नव्हती. खाली कुजबुज उठली, ती मी ऐकली आणि चढत राहिले. त्याच्याजवळ गुडघे टेकले आणि झगा नीट करते आहे असं दाखवत कडा उचलली.

त्याचे डोळे उघडे होते. चटई ओली झाली होती.

"ऊठ," मी म्हटलं.

"नाही पोचलो."

"काय?"

"आजही नाही. शेवटची खेप म्हणून थांबून राहिलो. अजून थोडं थांबू, अजून थोडं. नुसता गुडघा दुखतोय."

"आणि आजवर?"

"एकदाही नाही, ग्योकखीम. सारं गाव हात जोडून उभं, आणि मी पडल्या पडल्या उठायची वेळ झाली का एवढंच बघायचो."

"मग त्या सुईबीकडे? तिथं तर चेहरा असा फुललेला असतो."

"तिथं कुठं जायचंच नसतं. म्हणून बरं वाटतं."

ढोल चालू होता म्हणून बरं. मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबांनी काय सांगितलं होतं तुला?"

आणि इतक्या वर्षांनी, गावासमोर पालथा पडलेला असताना, त्यानं सांगितलं. "म्हणाले, मी कधी पोचलो नाही. माझे वडीलही नाही. पडून राहायचं आणि वाट बघायची. तू पोचलास तर मला येऊन सांग. एवढंच. आणि मग रडले."

बाबा रडले. आई गेली तेव्हा बाबा रडले नव्हते. मी तिच्या पायाशी बसले होते, माझ्यासमोर त्यांनी डोळा ओला होऊ दिला नव्हता. पोचायची युक्ती त्याला दिली असती तर ते मी सोसलं असतं, सोसतच होते. पण बाबांनी आपलं न पोचणंसुद्धा त्यालाच दिलं. मी दाराबाहेर होते. आत बोलावलं असतं तर मी त्यांचे डोळे पुसले असते.

मी तिथंच वाकले आणि त्याच्या शेजारी कपाळ टेकवलं. भक्तीबिक्ती काही नाही. रडताना लोकांना तोंड दाखवायचं नव्हतं. चटईला वेताचा वास होता, त्याच्या घामाचा वास होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती: मला का नाही, मला का नाही, मला का नाही. वर जाणं तर सोडाच, मी त्या चटईवरून बोटभरही हलले नाही. पुरतं रडून झाल्यावर डोळे झग्याच्या कडेला पुसले, त्याच्या कोपराला धरलं आणि आम्ही दोघं उठलो.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बायको गेली आणि घेऊन आली." कियातनं ढोलावर जोरात थाप मारली आणि सारं पटांगण वाकलं. अर्ज जळाला. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं होतं की गुरुजी वर दरबारात रमले होते आणि त्यांच्या बायकोनं जाऊन कान धरून आणलं. ल्याव अध्यक्षांनी फळांची टोपली घरपोच केली. सुईबीसुद्धा दारावरून जाताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

घरी आल्यावर बुनतेकनं झगा दांडीवर वाळत घातला. थियाम दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येणार होता. लाल पेटारा उघडाच होता, पण बुनतेक भरायला घेईना. मी भाजी चिरत होते. तो येऊन समोर बसला.

"तू डोकं टेकवलंस ते बराच वेळ."

"टेकवलं खरं."

"उठलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळा होता."

रडून सुजलेला चेहरा वेगळा दिसणारच.

"ग्योकखीम," तो म्हणाला, "पोचलीस का?"

मी मान वर केली. तो माझ्याकडे असा बघत होता की मला आरसाच समोर धरल्यासारखं झालं. आपल्याला हवं ते दुसऱ्याला मिळालं, आणि तेही फुकट, काही न करता, हे ज्याला कळतं त्याची नजर अशी होते. ती मला चांगली ओळखीची आहे. त्या नजरेनं माणूस झोपत नाही, जेवत नाही आणि हातचं काही सोडतही नाही.

नाही म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. खरं तेच होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्याचा जीव भांड्यात पडला असता, तो शांत झोपला असता आणि सकाळी टेम्पो आला असता.

मी पुन्हा भाजी चिरायला घेतली.

तो उठून फोनपाशी गेला. "थियाम? उद्या येऊ नकोस. नाही, परवाही नको. झगा इथंच राहू दे, मी अजून करणार आहे." त्यानं फोन ठेवला, पेटाऱ्याचं झाकण लावलं आणि परत येऊन बसला. या खेपेला माझ्यासमोर नाही, जरा बाजूला, खाली. बाबांपुढे बसायचा तसा.

"सांग ना," तो म्हणाला. बाबांशी बोलायचा त्या आवाजात.

मी त्याला विचारू दिलं.