हनुवटीची पट्टी

“शेषा, तोंड मिटून झोप रे बाळा. उघड्या तोंडातून जीव पाखरासारखा भुर्रकन उडून जातो.”

मायचा हा आवाज पन्नास वर्षांमागचा. ज्वारीच्या पिठाचा वास असलेला तिचा हात हनुवटीखाली यायचा, जबडा हलकेच वर ढकलायचा आणि शेषेराव झोपेतच ओठ मिटायचे. पहाटे जात्यावर ती म्हणायची,

वाऱ्या, तू रे पावना, नको जाऊ परतून
लेकराच्या काळजात, बस खोपा करून

आता तोच वारा डब्यात बसून, नळीतून उशाशी आला होता.

ट्रॅक्टर चालवता चालवता शेषेरावांचा डोळा लागला आणि ट्रॅक्टर बांध ओलांडून नाल्यात उतरला. नशीब, खरचटण्यावर भागलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवणारा मुलगा, आदिनाथ, धावत अहमदपूरला आला आणि बापाला नांदेडला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, “झोपेत तुमचा श्वास घडीघडी बंद पडतो. काळजावर भार येतोय. हे मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही.”

सांगायला सोपं. मास्कनं नाकाची दांडी सोलून निघाली. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ, जसे जू ओढलेल्या बैलाच्या मानेवर. पोटात वारा भरायचा, ढेकरांनी जीव हैराण. तोंड उघडलं की हवा तिथूनच पळायची आणि घसा उन्हाळ्यातल्या आडासारखा कोरडा पडायचा. बायकोनं, सिंधुबाईंनी, मायेनं जखमेवर खोबरेल तेल चोपडलं, तर मास्कच घसरू लागला आणि डोळ्यांत वारा शिरून डोळे गुंजेसारखे लाल. मशीनवाला फोनवर हसला. “काकू, तेल बंद करा. हनुवटीला बांधायची पट्टी धाडतो, तोंड मिटलेलं राहील. काकांना दुपारचं जागेपणीच बसवा लावून. सवय होऊन जाईल.”

पट्टी आली आणि त्या दिवसापासून शेषेरावांनी मशीनला हात लावला नाही.

आज दुपारी भाकर खाऊन ते बाजेवर टेकले, तशा सिंधुबाई मशीन चालू करून समोर येऊन बसल्या.

“घाला की आता.”

“नाक दुखून राहिलंय.”

“जखम तर कवाच भरली.”

“पोट फुगतंय.”

“फुगू द्या. गाभण म्हशीगत दिसलात तरी चालतंय मला!”

शेषेराव हसले नाहीत. तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाले, “लई झालं सिंधे. इतकी वर्षं बिगर मशीनचाच झोपलो न्हाई का?”

“तुमी झोपलात. मी कुठं झोपले?” सिंधुबाईंचा आवाज खाली आला. “तुमचं घोरणं थांबलं की मी उठून बसते. नाकाखाली बोट धरते. तुमचा श्वास येईस्तोवर माझाबी येत न्हाई. थकले आता.”

मग सिंधुबाईंनीच पट्टी उचलली. “एवढं काय भ्यायचं हिला? हे बगा, मीच बांधून दावते.” पट्टी त्यांनी हनुवटीखालून घेतली, कानांवरून ओढली, डोक्यावर चिकटवली. ओठ घट्ट मिटले. पदर सावरून त्या नवऱ्याशेजारी बाजेवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटले.

शेषेरावांनी वळून पाहिलं. मिटलेले डोळे, बांधलेला जबडा, न हलणारा चेहरा.

“काढ!” ते ओरडले. “काढ ते आधी!” त्यांनी स्वतःच पट्टी ओरबाडून काढली. सिंधुबाई घाबरून उठून बसल्या. पांढऱ्या केसांच्या दोन-तीन तारा पट्टीला अडकून आली होती. उशीवर पडलेला मास्क कुणाच्या नाकातोंडाविना नुसताच फुंकत होता.

“आवो, काय झालं? बोला की!”

शेषेरावांनी ती पट्टी मुठीत चुरगळली.

“माय गेली तवा तिचं तोंड उघडं राहिलं हुतं,” ते म्हणाले. “धोतर फाडून म्याच तिचा जबडा बांधला. असाच. हनुवटीखालून, डोईवर गाठ. ही पट्टी बांधली की वाटतंय, कुणी मला तिरडीवर घ्यायची तयारी करून राहिलंय. नाक दुखत न्हाई सिंधे. पोटबी फुगत न्हाई. मला मरणाचं लई भ्या वाटतंय.”