खुर्चीला नको, अंगाला

बंदुकांच्या दुकानदारानं विचारलं ते माझ्या बहिणीला. "मॅडम, यांना पिस्तूल कुठे लावलेलं बरं पडेल?"

मी समोर व्हीलचेअरवर बसलोय, एनिड गावाच्या आसपास तीस वर्षं पाइपलाइनचं वेल्डिंग केलेला माणूस, आणि हा ट्रॉय नावाचा पोरगा माझ्या डोक्यावरून बोलतोय. पाय गेले की कानही गेले, असंच लोकांना वाटतं.

"मला विचार," मी म्हणालो. "पिस्तूल माझं, परवाना माझा, ढेरीही माझीच."

"लीलँड, कशाला खेकसतोस बिचाऱ्यावर?" वांडा म्हणाली.

ट्रॉय ओशाळला आणि पिस्तूल अडकवायचं एकेक होल्स्टर काढायला लागला. कमरेला उजवीकडे लावलं तर खुर्चीच्या हातात अडकलं. मागे लावलं तर पाठीत रुतणार, आणि तिथे जखम झाली तरी मला कळत नाही. पुढे लावायला ढेरी जागा देईना. "जरा उभं राहून बघितलं तर..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि खूश होऊन म्हणाला, "सोपं आहे साहेब. खुर्चीलाच लावू, सीटखाली. अंगाला टोचायचा प्रश्नच नाही."

माझं डोकंच फिरलं.

"मागच्या नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर दोघांनी मला खुर्चीसकट उलटं केलं. पाकीट काढून घेतलं आणि खुर्ची लाथ मारून पार हवेच्या मशीनपर्यंत घालवली. वीस मिनिटं मी डांबरावर पडून होतो. पिस्तूल खुर्चीला असतं तर ते कुणाच्या उपयोगाला आलं असतं, सांग ना."

त्यानं सीटखालून हात काढून घेतला. वांडानं माझ्याकडे वळून पाहिलं, कारण वीस मिनिटांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती मला कोपऱ्यावरसुद्धा एकट्याला जाऊ देत नव्हती.

"मी सोबत असते तर..." ती पुटपुटली.

"तर तुझी पर्सही गेली असती. मला एकट्यानं फिरायचंय, वांडा. एवढंच हवंय मला."

शेवटी छातीवरचा आडवा पट्टा जमला, शर्टाच्या आत. मी वाकलो, चाकं फिरवली, मुद्दाम खोकून पाहिलं. कुठेच टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायांऐवजी हातानं चालवायची माझी व्हॅन काढली आणि त्याच पंपावर गेलो. एकटा. आत जाऊन कॉफी घेतली, ती मांड्यांमधल्या खाचेत ठेवली आणि निघालो. दाराशी मागून कुणीतरी खुर्ची धरली.

विचार करायच्या आत माझा हात शर्टात होता आणि बोटं पिस्तुलावर.

"दार जड आहे रे बाळा, ढकलते तुला." ऐंशीची म्हातारी होती. तिच्या मनगटाला डोनटची पिशवी लटकत होती.

न विचारता खुर्चीला हात लावू नका, हे सहा वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आलोय. त्या दिवशी मात्र मी हात हळूच बाहेर काढला. तिला वाटलं मी छाती खाजवतोय.

तिनं मला उन्हात आणून सोडलं, खांद्यावर थोपटलं आणि आपल्या गाडीकडे गेली. मी तिथेच बसून राहिलो. त्या दोन चोरांना शिव्या घातल्या, ट्रॉयला घातल्या, स्वतःला घातल्या. जागा अगदी अचूक निवडली होती आम्ही. हात एका क्षणात पोचला होता.