सात वर असतो

दाराचं बाहेरचं कुलूप मेलं होतं. बटणं दाबली तर ना उजेड, ना आवाज. बॅटरी बदला म्हणून ते परवापासून चिवचिवत होतं, आणि मी आज बदलू, उद्या बदलू करत बसले. आता माझ्या हातात तापाच्या औषधाची बाटली होती आणि दाराआड माझी दीड वर्षाची ठकी.

मागच्या महिन्यात ताप चढला तेव्हा तिला झटके आले होते. आज अंग पुन्हा तापलं होतं. घरातली बाटली रिकामी निघाली म्हणून मी खाली दुकानात गेले, सासूबाईंच्या भरवशावर. त्यांचे डोळे सकाळीच तपासले होते. थेंबांमुळे त्यांना जवळचं सगळं धुरकट दिसत होतं.

"आई, आतून उघडा. सत्तावीस अकरा."

आतलं कुलूप वेगळ्या बॅटरीवर होतं, पण आतूनही आकडे दाबावे लागतात, ही माझीच करामत. ठकी एकदा दार उघडून जिन्यापर्यंत पोचली होती. नवरा म्हणाला, "घर आहे की तिजोरी?" तरी मी हट्टाने हे कुलूप बसवून घेतलं.

आतून चार टिचक्या आल्या, मग नकाराचा लांब सूर.

"चूक म्हणतंय गं."

"सावकाश दाबा. दोन, सात, एक, एक."

"तीस वर्षं आकडेच दाबलेत मी. मला शिकवतेस?"

पुन्हा तोच सूर. तिसऱ्यांदा चुकलं की कुलूप अर्धा तास कुणाचंच ऐकत नाही.

"आई, थांबा. आता हात लावू नका. ठकी काय करतेय?"

"खांद्यावर आहे. कढत लागतेय. डोळे जरा वर फिरवतेय, झोप असेल."

मी नवऱ्याला फोन केला. तो दार तोडायला माणूस पाठवणार होता, पाऊण तासात. मी दाराला कान लावला. मघाशी ठकीची कुरकुर ऐकू येत होती, तीही आता थांबली होती.

सासूबाई हवामान कार्यालयात होत्या. देशोदेशीच्या वेधशाळांचे, जहाजांचे संदेश यायचे, नुसते आकडे. त्या ते बेरजेच्या यंत्रावर चढवायच्या, मान वर न करता. "कुणाची भाषा कळायची नाही," त्या सांगतात, "पण कुठे वादळ आहे ते कळायचं." मुलांच्या मासिकासाठी मी आकड्यांच्या प्रवासावर लेख लिहायला घेतला तो त्यांच्यामुळेच. ही दहा चिन्हं व्यापाऱ्यांच्या वह्यांतून गावोगाव गेली, काही शहरांनी त्यांना बंदी केली, सगळ्यांच्या गळी उतरायला शेकडो वर्षं लागली. लेख अर्धा झाला होता. आणि मी त्यातल्या चार चिन्हांसाठी जिन्यात उभी होते.

एरवी त्या चष्मा लावून एकेक बटण न्याहाळून दाबतात. आज डोळे नव्हते, म्हणजे सगळी भिस्त हातावर.

"आई, सात कुठे दाबलात?"

"कुठे म्हणजे? वर, डावीकडे. सात वर असतो."

"आणि एक?"

"त्याच रांगेत, खाली. तुला बरं नाही का?"

बेरजेच्या यंत्रावर सात वर असतो. फोनवर एक वर असतो, आणि या कुलपावरही. साऱ्या जगाने आकडे एक केले, पण ते कुठे मांडायचे त्यावर दोन कारखान्यांचं जमलं नाही.

"इथे उलटं आहे. एक वर आहे, सात खाली."

"हे कुणी ठरवलं?" त्या थांबल्या. "नाही गं. हात ऐकणार नाही माझा. मी मोजायला लागले की चुकणार."

बरोबर होतं. विचार केला तर त्या अडखळणार, नाही केला तर जुन्या जागी जाणार. मी बाटली पायाशी ठेवली आणि दारावर बोटाने आकड्यांच्या दोन्ही चौकटी काढल्या, एकीवर एक. दोनदा पडताळल्या. तिसऱ्यांदाही. यंत्रावर आठ जिथे, तिथे कुलपावर दोन.

"आई, मी सांगते ते कार्यालयात दाबायचात तसं दाबा. विचार करू नका. आठ, एक, सात, सात."

"हा आपला नंबर नाही."

"नाही. चुकीचाच आहे."

"चुकीचे आकडे मी जन्मात चढवले नाहीत."

"आज चढवा. माझ्यासाठी."

आत ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतल्याची सळसळ झाली. मग चार टिचक्या, पटापट, एका दमात.

दार सुटलं. सासूबाईंच्या खांद्यावर ठकी लाल होऊन पडली होती, डोळे अर्धे उघडे, पण माझ्याकडे बघत. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि औषध मोजून तिच्या ओठांशी धरलं. तिने निम्मं गिळलं, निम्मं माझ्या अंगावर थुंकलं.

"पाठ टेकून बस," सासूबाई म्हणाल्या, "दार लागलं तर परत माझीच परीक्षा."

मी पाठ टेकली. ठकीच्या कपाळावरून हात काढवत नव्हता. नवऱ्याने पाठवलेला माणूस अवजारांची पेटी घेऊन वर आला तेव्हा आम्ही तिघी तशाच होतो, दारात.

"बाई, दार तर उघडं आहे," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हणाले. "आतलं कुलूप काढून टाका."