टेकडीवरचं शून्य

हवामान कार्यालयातली ती माझी पहिली नोकरी. वय तेवीस. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, हिरव्या अक्षरांचे तीन संगणक आणि एक प्रिंटर. तो सुरू झाला की शेजारच्या टेबलावरचा चहाचा कप थरथरत कडेला यायचा. आजही कुठे तसली करकर ऐकू आली की मी क्षणभर तेवीस वर्षांची होते.

बारा केंद्रांवरून रोज सकाळी सातचं तापमान फोनवर यायचं. आमची टायपिस्ट ते भरायची आणि माझा प्रोग्राम त्याचे तक्ते करायचा. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेला तेव्हा एक खोड होती. एखादी जागा कुणी भरलीच नाही, तर तिथे आपोआप शून्य बसायचं. म्हणून मी एक ओळ लिहून ठेवली होती: तापमान शून्य दिसलं तर नोंद आली नाही असं समज, सरासरीतून वगळ आणि केंद्राला पत्र छाप. या ओळीवर मी इतकी खूश होते की साहेबांना मुद्दाम बोलावून ती दाखवली होती.

उन्हाळा, पावसाळा सुरळीत गेले. हिवाळ्यातल्या एका दुपारी मात्र कानटोपी घातलेले एक गृहस्थ खोलीच्या दारात उभे राहिले. काखेत कापडात गुंडाळलेली जाडजूड वही.

"मी टेकडीच्या केंद्रावरचा निरीक्षक," ते म्हणाले. "हे पत्र कुणी पाठवलंय?"

फोनवर त्यांना सगळे काका म्हणायचे. आवाज ओळखीचा होता, चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. पत्र आमच्याच प्रिंटरचं होतं. 'खालील तीन दिवसांच्या नोंदी आलेल्या नाहीत. विलंबाचं कारण लेखी कळवावं.' खाली साहेबांची सही.

"बावीस वर्षं झाली," काका म्हणाले. "मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सातला मी तापमापकापाशी होतो. बायको अजून टोमणे मारते. आणि तुम्ही मला कारण विचारता?"

साहेब उठून आले. "काका, मनाला लावून घेऊ नका. पण मशीन काही खोटं बोलत नाही."

"मग माझी वही बोलते का खोटं?"

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. तीन तारखा, तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीत ठसठशीत गोल शून्य.

टेकडीवर त्या तीन सकाळी तापमान खरोखरच शून्य अंश होतं. माणूस कडाक्याच्या थंडीत बाहेर जाऊन आला होता, आणि माझ्या ओळीने त्याला कामचुकार ठरवलं होतं. गप्प बसता आलं असतं. सगळं मशीनच्या माथी मारायला साहेब तयारच होते.

"साहेब, चूक मशीनची नाही," मी म्हणाले. "माझी आहे."

मी काकांना स्क्रीनसमोर बसवलं आणि ती ओळ समजावून सांगितली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून ती दोनदा वाचली.

"आमचे गुरुजी शून्याला पूज्य म्हणायचे," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्या पूज्यालाच घराबाहेर काढलंत की हो, बाई!"

टायपिस्ट फिसकन हसली. साहेबही हसले. मला मात्र रडू फुटलं, तेव्हा काकाच गडबडले. "अगं पोरी, रडतेस काय? दुरुस्त कर म्हणजे झालं."

त्यांच्यासमोरच केलं. प्रोग्राम रोज सुरुवातीला सगळ्या जागांवर उणे नऊशे नव्व्याण्णव भरून ठेवेल आणि तेवढाच आकडा गैरहजर मानेल, असं ठरवलं.

"एवढी थंडी?" काका म्हणाले. "गैरहजर राहणाऱ्याला चांगलीच शिक्षा आहे ही."

माफीचं पत्र मी हाताने लिहिलं. ते घेऊन ते शेवटच्या बसने परत गेले.

वसंतात मी टेकडीवर गेले. काकूंनी हात धरून घरात नेलं. सकाळी काकांनी मला जाळीच्या पांढऱ्या पेटीपाशी उभं केलं. मी तापमान वाचलं, "आठ."

"टाचा उंच कर. नजर पाऱ्याच्या रेषेत आण."

सात होतं. त्यांनी वही माझ्यापुढे केली आणि त्या दिवसाचा आकडा मला लिहायला लावला. खाली सही स्वतः केली. म्हणाले, "जबाबदारी माझी."

पुढे काका निवृत्त झाले आणि टेकडीवर स्वयंचलित यंत्र आलं. दुसऱ्याच हिवाळ्यात ते चार दिवस मुकं झालं. पाचव्या सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"पोरी, तुमच्या यंत्रावर बर्फ साचलंय. जुना तापमापक अजून आहे पेटीत. चारही दिवसांचे आकडे आहेत माझ्याकडे. घेतेस का लिहून?"

"काका, या वयात एवढ्या थंडीत कशाला गेलात?"

"तुझ्या काकूचंही तेच म्हणणं आहे. चल, लिही."

त्यांनी आकडे सावकाश सांगितले, मी एकेक परत म्हणून दाखवत भरले. मग काकूंनी फोन ओढून घेतला आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. मागून काका मधेमधे त्या खोडून काढत होते. साहेब दारातून दोनदा डोकावून गेले, तरी मी फोन ठेवला नाही.