भाऊबीजेचे पत्रे

लोणी देवकरच्या एका कारखान्यातल्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे होते, आणि त्या कामाचा मुकादम होता जोतीराम. मोठा कडक गडी! पत्रे भिजवून उतरवा, फोडू नका, मास्क काढला तर सरळ घरी जा. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत बसली की जन्मात निघत नाही, हे तो ओरडून ओरडून सांगायचा. आणि याच शहाण्यानं त्यातले चांगले पत्रे टेम्पोत घालून भाऊबीजेची ओवाळणी म्हणून शेळगावला थोरल्या बहिणीच्या, सरुबाईच्या, गोठ्यासाठी धाडले. अख्ख्या पत्र्याला काय होतंय, अशी त्यानं स्वतःचीच समजूत घातली होती.

परवा बारामतीला कामगारांच्या छातीच्या तपासणी शिबिरात डॉक्टरांनी विचारलं, असले पत्रे कुणी घरी नेलेत का. जोतीरामनं हात वर केला नाही. त्या रात्रीच रविवारी येतो म्हणून त्यानं बहिणीला फोन केला.

सरुबाईला कोण आनंद! भावानं दिलेलं छप्पर तिनं आल्यागेल्याला दाखवलं होतं. रविवारी जोतीरामनं गोठ्यावर नजर टाकली, वरचे पत्रे धड होते. जोतीरामचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं सहज विचारल्यासारखं करून टेम्पोतनं येताना फुटलेल्या पत्र्यांच्या तुकड्यांचं विचारलं.

सरुबाई हसली. गॅस आल्यापासून भांडी घासायला चुलीची राख मिळेना, म्हणून तिनं ते तुकडे उखळात कुटले होते. मांडणीवरची पितळी भांडी नुसती लखलखत होती.

आता गप्प बसावं, असं जोतीरामच्या मनात आलंसुद्धा, मेल्याच्या!

"आक्का, ती भुकटी इख हाय. तिला आता हात लावू नगं, झाडू बी नगं. छातीत जाती ती."

"तुला कवा कळलं?"

"पत्रं धाडायच्या आधीपासनं ठावं हुतं."

सरुबाई रडली नाही, चिडली नाही. तेच त्याला सोसवेना. भाऊ रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून तिनं सकाळीच एक पिशवी भरून ठेवली होती. ती तिनं त्याच्यापुढं सरकवली. आत शेवग्याच्या शेंगा होत्या आणि वर घट्ट झाकणाचा एक डबा.

"तुझ्या बायकूसाठी ठिवली हुती," ती म्हणाली. "आमच्या छकुलीनं तिच्या वढणीतनं चाळलीया. लई बारीक हाय."