टँकरचा पहिला तांब्या

भागूबाईच्या धाकट्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न दोन हजार तेराला झालं. त्या साली पावसानं अशी दडी मारली होती, की वऱ्हाडाला प्यायला टँकर आणावा लागला. टँकर भागूबाईचा नवरा कडूबाच चालवायचा; मालक वेगळा.

कडूबा रोज सकाळी बिडकीनजवळच्या एका वस्तीच्या विहिरीत प्यायचं पाणी ओतायचा. लग्नानंतर मालकानं त्याच्यामागं आणखी एक काम लावलं. संध्याकाळी संभाजीनगरकडच्या नव्या रस्त्यावर, धूळ बसावी म्हणून, कारखान्याचं वापरलेलं पाणी मारायचं. मग टाकी घासून धुवायची. एका संध्याकाळी कडूबानं टाकी धुवायचा कंटाळा केला.

सकाळी टँकर विहिरीत रिकामा झाला आणि चतुराबाईनं पोहरा वर ओढला. वस्तीत तिच्या शब्दाला वजन होतं.

"कडूबा, पाण्याला रॉकेलचा वास येतोय."

"गाळ ढवळला असंल, मावशी."

"गाळ आमचा हाय. त्याचा वास आम्हाला ठाऊक हाय."

बाया रिकामे हंडे घेऊन परतल्या. कोणी भांडलं नाही, तेच त्याला लागलं.

कडूबानं फोन करून सांगितलं, तर मालक म्हणाला, "गप राहा. उद्या वास उडून जाईल. बोललास तर गाडी दुसऱ्याला देईन."

फाट्यापर्यंत जाऊन कडूबानं टँकर वळवला. देवळापुढं सगळ्यांना बोलावलं.

"गाळाचं खोटं बोललो. टाकी मी धुतली नाय, आळस माझा. हे पाणी पिऊ नका, जनावरांनाबी पाजू नका. टाकी धुऊन आधी दारोदार पाणी देतो, मग विहीर उपसतो."

"आन् मालक?" चतुराबाईनं विचारलं.

"गाडी काढून घेईल."

"मग उद्या कोण येणार? तुझ्यापरीस आळशी?" बाया हसल्या. "आमचा पंप घे. खाली उतरून घासायचं मात्र तूच."

दिवस मावळायच्या आत विहीर स्वच्छ झाली. चतुराबाईनं कडूबाला मालकाचा फोन लावायला लावला आणि एवढंच सांगितलं, की डायव्हर आम्हाला हाच पाहिजे. मालक लई कुरकुरला, पण गाडी कडूबाकडंच राहिली.

तेव्हापासून टाकीतला पहिला तांब्या कडूबा बायांच्या देखत स्वतः प्यायचा.

"हायस का गेलास?" चतुराबाई रोज विचारायची आणि दुसरा तांब्या आपण घ्यायची.

पुढं वस्तीला नळ आला. चतुराबाई दोन हजार एकोणीसच्या वैशाखात म्हातारपणानं वारली.